बत्तीस मिलिअँप

सोबीर-अकांनी दोन्ही तारा एकत्र धरल्या, त्यांच्याभोवती करंट मोजायच्या टाँग टेस्टरचा चिमटा अडकवला, पडद्यावर शून्य उमटलं, आणि जणू ते शून्य आपणच पेरून, वाढवून, पिकवलं आहे असा चेहरा करून ते माझ्याकडे वळले.

"बघा मास्तर. करंटच नाही. करंट नाही तर गळती कुठली? गळती नाही तर बिघाड कुठला? बिघाड आहे तो चालवणाऱ्यात."

चालवणारी समोरच उभी होती. झुल्हुमोर, वय एकोणतीस, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात नवऱ्याचे रबरी बूट. ताश्कंदला जाऊन पाण्याची इंजिनिअर होऊन आलेली आमच्या ओक्तेरक गावातली पहिली मुलगी. गावाने त्याबद्दल तिला अजून माफ केलेलं नव्हतं.

"अका, दोन्ही तारा एकदम धरल्या तर शून्यच येणार," ती म्हणाली. "एकीतून जितकं जातं तितकंच दुसरीतून परत येतं. दोघं मिळून टेस्टरला काहीच दिसत नाही. एकच तार धरा."

अकांनी एकच तार धरली. पुन्हा शून्य. त्यांना दुप्पट आनंद झाला.

"आता?"

"आता तुमचा टेस्टर. तो पंपाच्या मोटरसाठी आहे, अँपिअर मोजतो. इथं अँपिअरच्या हजाराव्या भागाचा प्रश्न आहे. ट्रकच्या वजनकाट्यावर केशराची काडी ठेवून काटा हलत नाही म्हणालात, तर केशर नाहीच असं होत नाही."

सोबीर-अका आमच्या चेरीच्या बागेचे संचालक. वजनकाटा आणि केशर या दोन्ही गोष्टींबद्दल त्यांना आदर होता, पण दोन्ही एका वाक्यात आल्या की त्यांचा गोंधळ उडायचा. त्यांनी टेस्टर खिशात घातला.

"हे बघ झुल्हुमोर. शेवटच्या चौदा ओळींना दुपारी पाणी मिळत नाही. फळ गळायला लागलंय. तीन आठवड्यांवर तोडणी आहे. शनिवारपर्यंत हे नीट झालं तर झालं. नाहीतर हे यंत्र उपटतो, व्हॉल्व्ह फिरवायला चार माणसं लावतो, आणि तू आपली घरी. सासूलाही हाताशी कुणीतरी हवंच आहे."

तो बुधवार होता.

यंत्राची गोष्ट अशी. पंपघरात कंट्रोलरची पेटी आहे. तिच्यातून निघालेल्या दोन तारा सगळ्या बागेत जमिनीखालून फिरतात. वाटेत चौसष्ट व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी या तारांवर बसलेली काडेपेटीएवढी एक डबी. कंट्रोलर तारांवरून निरोप पाठवतो, ज्या डबीचं नाव घेतलं ती आपला व्हॉल्व्ह उघडते, बाकीच्या झोपून राहतात. झोपेतही प्रत्येक डबी अर्धा मिलिअँप पिते. चौसष्ट डब्यांचे झाले बत्तीस. यापेक्षा जास्त करंट जात असेल तर कुणीतरी पासष्टावा पीत बसलेला आहे.

हे मला कळत होतं, कारण मी बावीस वर्षं गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय. आता बागेच्या कचेरीत बसून जिल्ह्याच्या हाकिमाच्या कार्यालयाला रोज "सर्व कामे योजनेप्रमाणे सुरू आहेत" असं लिहून पाठवतो. दोन्ही नोकऱ्यांत कसब एकच लागतं. समोरच्याला कळलंय असं धरून चालायचं.

गंमत म्हणजे बिघाडही योजनेप्रमाणे चालला होता. पाणी दिवसातून तीन वेळा सुटायचं. पहाटेच्या पाळीला चौसष्टच्या चौसष्ट व्हॉल्व्ह उघडायचे. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला शेवटचे चौदा रुसून बसायचे. शहरातून एक तंत्रज्ञ आला. तो सकाळी दहाला आला, सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं, पुलाव खाल्ला, साडेबाराला गेला. जाताना तारच बदला म्हणाला. चार किलोमीटर. पुलाव चांगला झाला होता, एवढाच त्या भेटीचा निष्कर्ष.

गुरुवारी झुल्हुमोरचा स्वतःचा चिमटा आला. तिचा दीर कोरियात कारखान्यात आहे. गावच्या बाकी सुना दिरांकडून तोंडाला लावायची क्रीम मागवतात. हिने मिलिअँप मोजणारा क्लॅम्प मीटर मागवला. तो घेऊन येणाऱ्या माणसाने पाकीट तिच्या सासूच्या हातात दिलं. सासूने ते उघडून वास घेतला आणि म्हणे परत बंद करून टाकलं.

दुपारची पाळी चुकल्यावर, अडीचच्या सुमाराला, आम्ही पंपघरात गेलो. आम्ही म्हणजे ती आणि मी. परक्या बाईमाणसाबरोबर बागेत हिंडायला माझं वय आणि माझा चश्मा पुरेसे निरुपद्रवी मानले जातात.

तिने आधी चिमटा नुसताच हवेत धरला.

"हे काय?"

"कशालाच न लावता तो काय दाखवतो ते बघते. पंपाच्या जाड तारेजवळ गेलं की तिचीच गुणगुण ऐकून आकडा फेकतो. आधी रिकामं शून्य आलं पाहिजे, मग खरं मोजायचं." ती दोन पावलं मागे सरली, शून्य आलं, मग तिने कंट्रोलरमधून निघालेली एक तार चिमट्यात घेतली.

शहाण्णव.

"बत्तीस हवेत," मी म्हणालो.

"चौसष्ट कुणीतरी जास्तीचे पितंय." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. चपात्या मोजाव्यात तसं बोलली. "चला, फाट्यावर."

पंपघरामागे तारेचे दोन फाटे होतात. डाव्या फाट्यावर चाळीस डब्या, उजव्यावर चोवीस. डावीकडे चिमटा लावला, वीस आले. चाळीस डब्यांचे वीस, हिशेब चोख. उजवीकडे बारा यायला हवे होते.

शहात्तर आले.

"म्हणजे अर्धी बाग सुटली," ती म्हणाली आणि उजवीकडे चालायला लागली. प्रत्येक व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी बसायची, झाकण उचलायची, पुढे जाणारी एक तार चिमट्यात घ्यायची, वहीत आकडा टिपायची. दर डबीगणिक अर्धा मिलिअँप कमी. पंचाहत्तर पूर्णांक पाच. पंचाहत्तर. जास्तीचे चौसष्ट अजून पुढेच होते. वाटेत तुतीचं झाड लागलं, त्याखालून जाताना तिने न थांबता मूठभर तुती तोंडात टाकल्या. नोकरी जाऊ घातलेली माणसं अशी चालत नाहीत.

पन्नासाव्या डबीपाशी ती थांबली. चिमटा लावला. एकाहत्तर. म्हणजे पुढच्या चौदा डब्यांचे सात आणि ते चौसष्ट. तिने पुढे बघितलं. एक्कावन्नावी डबी तिथून साठ पावलांवर होती. दोन्हींच्या मधे चिनाराचं झाड, त्याखाली बसायची लाकडी बाज, बाजेशेजारी संगमरवरी दगड.

तिने झाकण लावलं.

"पुढची?" मी विचारलं.

"पुढची नंतर."

"अगं, एका आकड्यावर येऊन ठेपलीयस!"

"आज उशीर झाला, मास्तर. घरी दादाजानांच्या चहाची वेळ झाली." आणि वही माझ्या हातात देऊन ती सरळ निघून गेली.

दुपारचे साडेतीन झाले होते. उशीर कसला?

कचेरीत येऊन मी वही उघडली. चिमटा आजच आला होता, पण पाळ्यांची नोंद ती एप्रिलपासून ठेवत होती. पहाट बरोबर, दुपार चूक, संध्याकाळ चूक. सगळं पान असंच. फक्त दर सातव्या दिवशी दुपारपुढे बरोबरची खूण होती. मी कॅलेंडर काढलं. शुक्रवार. प्रत्येक शुक्रवारी दुपारची पाळी ठीक चालली होती.

मी मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर गेल्या शरदातल्या उद्घाटनाचा फोटो होता.

फीत कापणं आता जुनं झालं, असं तेव्हा सोबीर-अकांना वाटलं होतं. तारेची दोन रिळं चिनाराखाली संपत होती आणि सुरू होत होती, तिथे जोड द्यायचाच होता. मग तो जोड गावातल्या सर्वांत आदरणीय माणसाच्या हातून द्यावा, असं ठरलं. खोलमिर्झा-ओता. चाळीस वर्षं आमच्या पाटाचे मीराब, म्हणजे पाटकरी. कुणाच्या रानात किती पाणी जाणार हे त्यांच्या फावड्यावर ठरायचं, आणि त्या फावड्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. ते आले, तारांची टोकं बोटांनी पिळली, कमरेचा रुमाल सोडला, त्याची पट्टी फाडून जोडावर गुंडाळली आणि दुआ म्हटली. आम्ही साऱ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जोड बसवणारा कारागीर बाजूला जेलीने भरलेली प्लास्टिकची टोपी हातात धरून उभा होता. जोडावर ती टोपी बसवल्याशिवाय तो जमिनीत घालायचा नसतो. पण ओतांच्या हातच्या गाठीवर प्लास्टिक चढवायचं कुणी? तो कारागीर तसाच टोपी धरून फोटोत आलाय. नंतर तो रशियाला गेला. टोपी माझ्या कपाटात आली. आणि "सर्व जोड नियमानुसार करण्यात आले" या वाक्याखाली सही माझी आहे.

गाठीवर दगड बसवला. दगडावर ओतांचं नाव कोरलं. शेजारी बाज टाकली, कारण बागेचे सल्लागार म्हणून ओता दिवसभर तिथेच बसतात, मधे तासभर घरी जातात तेवढंच. दुपारच्या आणि आसरच्या, म्हणजे दिवस कलल्यावरच्या, नमाजीआधी पितळी झारीने तिथेच हात-तोंड-पाय धुऊन वजू करतात. रात्रीतून ती ओल जिरते. शुक्रवारी दुपारी मात्र ते गावच्या मशिदीत जातात.

आणि खोलमिर्झा-ओता हे झुल्हुमोरचे सासरे, तिचे दादाजान.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही. सकाळी वाकून सलाम करते, चहाची पियाली अर्धीच भरून देते, कारण काठोकाठ भरली तर "प्या आणि उठा" असा अर्थ होतो. अशा सुनेने सासऱ्याला सांगायचं, की अहो, तुमच्या दुआच्या गाठीत पाणी शिरतंय, आणि ते तुमच्याच वजूचं आहे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी सोबीर-अकांनी कंट्रोलरच्या पेटीला एक थाप मारली, आणि दुपारी चौसष्टही व्हॉल्व्ह उघडले. दोन ते सहा ते बागभर सांगत फिरले, की यंत्राला हात कुणाचा लागतो त्यावर असतं. सहाला चौदा ओळी पुन्हा बंद. थापेचा असर तेवढाच होता.

मी झुल्हुमोरला पंपघराबाहेर गाठलं.

"मला कळलंय."

"मला ठाऊक आहे. वही उगाच दिली का?"

"उद्या शनिवार. मी सांगू का ओतांना? माझं काय, मी म्हातारा होत आलोय, बोलणी खाईन."

"तुम्ही सांगितलंत तर चहाडी. मी सांगितलं तर घरात तीन वर्षं तेच ऐकत राहीन." तिने बुटाची माती पायरीवर झटकली. "मास्तर, तो माणूस चाळीस वर्षं पाण्याची गळती शोधत फिरलाय. त्याला सांगायचं कशाला? त्याच्या हातात मीटर द्यायचा."

"आणि ओता रागावले तर?"

"माझ्यावर रागावतील. मीटरवर कसे रागावतील? तो खोटं बोलत नाही, हे त्यांना दोन डब्यांत कळेल." आणि ती हसली. नोकरी तिची, सासरा तिचा, आणि झोप उडाली माझी.

शनिवारी दुपारी ओतांनी वजू केलं, नमाज पढली, बाजेवर बसले. झुल्हुमोर किटली घेऊन गेली, अर्धी पियाली भरली, डावा हात छातीशी धरून पुढे केली. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला उगाच नान मोडत बसलो होतो.

"दादाजान," ती हळू आवाजात म्हणाली, "हे आकडे फार बारीक आहेत. माझे डोळे दुखतात. जरा वाचून द्याल?"

ओतांची नजर इतकी तीक्ष्ण, की पलीकडच्या गावात कुणाची गाय कुणाच्या रानात शिरली हे ते इथून सांगतात. त्यांनी सुनेकडे बघितलं. मग मीटरकडे.

"हे काय मोजतं?"

"तारेतलं पाणी."

"अस्सं." ओता उठलेच. "आणि पाणी कमी पडतंय?"

"नाही, जास्त जातंय. आणि शेवटी पोहोचत नाही."

"मग त्यात डोळे दुखवायचं काय?" ओता तिच्यावरच उखडले. "फाट्यावर मोजायचं! वरच्या फाट्यावर किती, खालच्यावर किती. ज्या अंगाला जास्ती ओढ, तिकडं चालायचं. वर फावडाभर आणि खाली ओंजळभर लागलं, की मधे घुशीचं बीळ. ताश्कंदला पाच वर्षं काय शिकवलं तुला?"

"हेच शिकवलं, दादाजान. पण तुमच्याइतकं पटापट नाही."

मी नानचा अख्खा तुकडा तोंडात कोंबला.

पंपघरापासून सुरुवात झाली. चिमटा उघडायचा कसा, हवेत धरून शून्य कसं बघायचं, एकच तार का घ्यायची, हे तिने एकदाच दाखवलं. ओतांना ते एकदाच लागलं. पाच मिनिटांत ते तिलाच बजावत होते, "मोटरपासून लांब धर म्हणालीस ना? मग मधे का उभी राहतेस?" सोबीर-अका बातमी लागून धावत आले. व्हॉल्व्ह फिरवायला ठरवलेली चार माणसंही मागून आली. अशी आमची वरात निघाली.

"शहाण्णव!" ओता ओरडले. "किती हवेत?"

"बत्तीस."

"चौसष्ट चोरीला." ते फाट्यावर आले. "इकडं वीस, हा प्रामाणिक आहे. इकडं शहात्तर, हा चोर. चला."

एकेक खड्डा. झुल्हुमोर झाकण उचलायची, ओता गुडघ्यावर बसून चिमटा लावायचे आणि आकडा ओरडायचे. पाऊणशे वर्षांचा माणूस, पण दहा डब्या त्यांनी मला दम लागायच्या आत संपवल्या. पन्नासावी. "एकाहत्तर! अजून पुढं." मग चिनारावरून, बाजेवरून, दगडावरून ते तसेच पुढे गेले आणि एक्कावन्नाव्या डबीपाशी बसले.

चिमटा त्यांनी काढून पुन्हा लावला.

"ओता?" सोबीर-अका म्हणाले.

"साडेसहा." एवढंच म्हणून त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. पन्नासावी डबी. एक्कावन्नावी डबी. मधे चिनार, बाज, दगड, आणि दगडाशेजारी ओल्या मातीत उभी पितळी झारी.

झुल्हुमोर बुटांकडे बघत होती.

"यंत्रच खोटं असणार, ओता!" सोबीर-अका घाईघाईने म्हणाले. "कोरियाचा माल. मी तर पहिल्यापासून म्हणतोय..."

"फावडं आण."

"पण दगडावर तुमचं नाव आहे, ओता."

"म्हणून तर. दुसऱ्याचं असतं तर त्याला विचारावं लागलं असतं."

दगड बाजूला झाला. चार माणसं बघत राहिली, कारण ओतांनी फावडं कुणाच्या हातात दिलंच नाही. हातभर खोल गेल्यावर रुमालाची पट्टी लागली, काळी, कुजलेली, पिळली तर पाणी निघेल अशी. आत तांबं हिरवं पडलेलं. ओतांनी ते बोटावर घेतलं, नाकाजवळ नेलं.

"रुमाल चांगला होता," ते म्हणाले. "मार्गिलानच्या रेशमाचा होता."

आमच्याकडे थोर माणसाची चूक उघडी पडली की सगळे झाडांची पानं मोजायला लागतात.

"लेकी," ओता न वळता म्हणाले, "डोळे दुखतात ना तुझे?"

"आता बरे आहेत, दादाजान."

"वाटलंच. या गाठीला त्या कारागिराने काहीतरी टोपडं धरलं होतं. मी तेव्हाच बघितलं. कुणी बोललं नाही, मला वाटलं, शोभेचं असेल. ते कुठाय?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपाटातून टोपी आणली. आठ महिन्यांत तिच्यावर धूळ बसली होती, जेली जशीच्या तशी. माझ्या सहीपेक्षा ती टिकाऊ निघाली.

"तू कर," ओता सुनेला म्हणाले. "मी आमीन म्हणतो."

झुल्हुमोर खड्ड्यात उतरली. तिने हिरवी टोकं कापून टाकली, नवं चकचकीत तांबं उघडं केलं, पिळलं. "धरा," ती म्हणाली. "असं नाही, उभं धरा. हलवू नका, दादाजान!" सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली असेल. ओतांनी निमूट उभं धरलं. तिने टोपी चढवली, जेली कडेने बाहेर आली, जोड आत बुडाला. माती लोटली. दगड कुणी परत ठेवला नाही. तो कुठे ठेवायचा यावर हाकिमाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागेल, असं सोबीर-अका पुटपुटले.

"आकडा?" ओतांनी विचारलं.

सोबीर-अका स्वतः तिचा चिमटा घेऊन पंपघराकडे पळाले आणि तिथून हात उंच करून ओरडले, "बत्तीस!"

"ते कोरडं बत्तीस झालं," ओता म्हणाले. "आसरला बघू."

आसरपर्यंत कुणी हललं नाही. किटली तीनदा भरली. पाचच्या सुमाराला ओतांनी झारी उचलली, पाटावर जाऊन काठोकाठ भरून आणली, आणि त्याच जागी, नव्या मातीवर, वजू केलं. हात, तोंड, पाय, शांतपणे, एकेक तीन वेळा. पन्नासाव्या डबीपाशी झुल्हुमोर चिमटा लावून बसली होती. नमाज झाल्यावर त्यांनी झारी पुन्हा भरून आणली आणि ती सगळीच्या सगळी मातीवर ओतली. मग तिसरी.

"किती?"

"सात," झुल्हुमोर म्हणाली. "चौदा डब्यांचे बरोबर सात."

"हलतोय का?"

"जागचा नाही."

ओतांनी झारी उलटी करून शेवटचे थेंबही झटकले.

सहाला पाळी सुटली. शेवटच्या चौदा ओळींत एकामागून एक फुस्स आवाज होत व्हॉल्व्ह उघडत गेले, आणि नळ्यांच्या तोंडांशी माती काळी पडायला लागली. सोबीर-अकांनी घसा साफ केला.

"झुल्हुमोर, मग सोमवारपासून..."

"सोमवारपासून काय?" ओता म्हणाले. "तिला घरी पाठवणार होतास असं ऐकलं. घरी बसायला मी मोकळा आहे. तिच्या सासूला हाताशी माणूस हवंय ना? मी जातो हाताशी. एक दिवस ठेवून बघेल, मग तीच परत पाठवेल."

ती चार माणसं हसली. मग सोबीर-अकाही, थोडं उशिरा.

"मी म्हणत होतो," ते म्हणाले, "की सोमवारपासून या टेस्टरसाठी पंपघरात एक खिळा ठोकू."

"खिळा नको," झुल्हुमोर म्हणाली. "तो माझा आहे. माझ्या खिशातच राहील."

ओतांनी हात पुढे केला. तिने मीटर दिला. त्यांनी तो हवेत धरला, शून्य आल्याची खात्री केली आणि आपल्या खिशात टाकला.

"उद्या डावा फाटा बघतो," ते म्हणाले. "मघाशी वीस आले खरे, पण मला ते जरा जास्तच प्रामाणिक वाटले."

त्या दिवसाच्या अहवालात मी लिहिलं, "सर्व कामे योजनेप्रमाणे सुरू आहेत." कचेरीतल्या नऊ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच दोनदा वाचून पाठवलं.